प्रत्यारोपणाआधीचे साठ दिवस

मोबाइलवर अधूनमधून एक आवाहन येते. आठ-दहा महिन्यांचे बाळ, नाकात नळी, फुगलेले पोट, हळदीसारखे पिवळे डोळे. खाली मजकूर असतो : यकृत प्रत्यारोपण तातडीने करायचे आहे, खर्च वीस लाख, वडील टेम्पो चालवतात, कृपया मदत करा. सोबत रुग्णालयाचे अंदाजपत्रक आणि बँकेचा खाते क्रमांक. कुणी पाचशे रुपये पाठवतो, कुणी ते पुढच्या ग्रुपवर ढकलतो, कुणाला खरे-खोटे कळत नाही म्हणून तो पुसून टाकतो. त्या बाळाचे पुढे काय झाले, हे बहुतेकांना कधीच कळत नाही.

लहान मुलांच्या अवयव प्रत्यारोपणाची सार्वजनिक चर्चा सहसा या आवाहनापाशी सुरू होते आणि पैसे जमले की संपते. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये यकृत, हृदय, फुफ्फुस प्रत्यारोपणासारख्या महागड्या उपचारांसाठी स्वतंत्र निधी उभारण्याचा निर्णय घेतला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पाच लाखांच्या मर्यादेत हे उपचार बसत नव्हते. निर्णय स्वागतार्ह आहे. पण पैसा हा या प्रवासातला मधला टप्पा आहे. त्याच्या आधी बाळाच्या आयुष्याचे पहिले साठ दिवस असतात आणि नंतर गोळ्या-तपासण्यांची अनेक वर्षे. कुटुंब बहुधा या दोन टप्प्यांत एकटे पडते आणि तिथे सरकारी आरोग्य व्यवस्थेला तुलनेने कमी खर्चात बरेच काही करता येण्यासारखे आहे.

शी पांढरी का झाली?

लहान मुलांना यकृत प्रत्यारोपण लागण्याचे जगभरातले सर्वांत मोठे कारण म्हणजे ‘बायलरी अॅट्रेशिया’. जवळपास निम्मी प्रत्यारोपणे याच आजारासाठी होतात. यकृतात तयार होणारे पित्त आतड्यात वाहून नेणाऱ्या नलिका या बाळांमध्ये जन्माच्या सुमारास सुजतात, आक्रसतात आणि बंद होतात. पित्त यकृतातच साठते आणि यकृताची नासाडी सुरू होते. काही महिन्यांतच यकृत कडक होते, प्लीहा वाढते, पोटात पाणी साठते. उपचार झाले नाहीत तर यातली बहुतेक मुले दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात. हा आजार आईच्या खाण्यापिण्यामुळे होत नाही, ग्रहणामुळे होत नाही, कुणाच्या चुकीमुळेही होत नाही. हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवे, कारण घरात तो प्रश्न आधीच विचारून झालेला असतो आणि बोट बहुधा आईकडे असते.

फसवणूक इथेच होते की, ही बाळे सुरुवातीला छान दिसतात. पूर्ण दिवसांची, चांगल्या वजनाची, अंगावर नीट पिणारी. कावीळ असते, पण नवजात बाळांपैकी निम्म्याहून अधिकांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ होतेच. ‘कोवळ्या उन्हात धरा, उतरेल’ हा सल्ला आजीपासून नर्सपर्यंत सगळे देतात आणि बहुतेक बाळांची कावीळ खरोखरच उतरते. म्हणून ज्या एका बाळाची उतरत नाही, त्यालाही आणखी पंधरा दिवस ऊन दाखवले जाते. मग कुणी गावठी औषध सुचवते, कुणी कावीळ उतरवून देणाऱ्याकडे नेते. तालुक्याच्या डॉक्टरांकडे रक्त तपासले तर अनेकदा फक्त एकूण बिलिरुबिन पाहिले जाते, ते फार वाढलेले नसते आणि बाळ परत घरी जाते. मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत तिसरा किंवा चौथा महिना लागलेला असतो.

या सगळ्यात दोन खुणा घरातच दिसत असतात. पहिली खूण शीचा रंग. तान्ह्या बाळाची शी पिवळी, हिरवट किंवा तपकिरी असते, कारण तिला रंग देते ते पित्त. पित्त आतड्यात पोचलेच नाही, तर शी फिकट, मातकट, खडूसारखी पांढुरकी होते. सुरुवातीला ती फिकट पिवळी असू शकते आणि आठवड्यांगणिक रंग उडत जातो, म्हणून एकदा पाहून भागत नाही. दुसरी खूण लघवी. तान्ह्याच्या लघवीने दुपट्यावर डाग पडत नाही. पिवळा डाग पडत असेल, तर ते कमी पाणी प्यायल्याचे लक्षण समजून सोडून देऊ नये.

वैद्यकशास्त्राचा नियम सोपा आहे. चौदा दिवसांनंतरही कावीळ टिकून असेल, तर बिलिरुबिनची तपासणी दोन भागांत करायची : एकूण आणि ‘डायरेक्ट’. अंगावरच्या दुधाशी संबंधित निरुपद्रवी काविळीत डायरेक्ट भाग वाढत नाही. तो वाढलेला असेल तर ऊन दाखवून उपयोग नाही, त्याच आठवड्यात बाळाला मोठ्या रुग्णालयात पाठवायला हवे. ही तपासणी साधी आणि स्वस्त आहे, जिल्हा रुग्णालयात सहज होते. आणखी एक धोका असा की पित्ताशिवाय ‘के’ जीवनसत्त्व शरीरात शोषले जात नाही आणि रक्त गोठत नाही. काही बाळांच्या बाबतीत नाळेतून किंवा सुई टोचलेल्या जागेतून न थांबणारा रक्तस्राव, क्वचित मेंदूतला रक्तस्राव, हीच आजाराची पहिली जाणीव असते.

साठ दिवसांचा हिशेब

इतकी घाई कशासाठी? कारण या आजारावर प्रत्यारोपणाआधीचे एक ऑपरेशन आहे. त्याला ‘कसाई’ म्हणतात. नाव ऐकून मराठी पालक दचकतात, पण ते एका जपानी शल्यविशारदाचे आडनाव आहे. मोरिओ कसाई यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत शोधली. बंद पडलेल्या नलिका काढून टाकायच्या आणि आतड्याचा एक वेटोळा थेट यकृताच्या तोंडाशी जोडायचा, म्हणजे उरलेल्या सूक्ष्म नलिकांमधून पित्त झिरपू लागते. हे ऑपरेशन बाळ साठ दिवसांचे होण्याआधी झाले तर यशाची शक्यता चांगली असते. त्यानंतर ती घसरत जाते, कारण तोवर यकृत कडक होऊ लागलेले असते.

कसाई यशस्वी झाले तरी आजार मुळातून जात नाही. निम्म्याहून अधिक मुलांना पुढे कधी ना कधी प्रत्यारोपण लागतेच. मग फरक काय पडतो? फरक वेळेचा पडतो. सहा किलोच्या, कुपोषित, पोटात पाणी भरलेल्या आठ महिन्यांच्या बाळाचे प्रत्यारोपण वेगळे आणि वीस किलोच्या, लसी पूर्ण झालेल्या, शाळेत जाणाऱ्या मुलाचे वेगळे. काही मुले तर स्वतःच्याच यकृतावर मोठी होतात. कुटुंबालाही पैसे, दाता आणि मनाची तयारी यांसाठी काही वर्षे मिळतात.

तैवानने यावर कागदाचा एक तुकडा वापरला. शीचे रंग छापलेले कार्ड २००४ पासून देशभर प्रत्येक बाळाच्या आरोग्य पुस्तिकेत घातले आणि आईने घरी रंग जुळवून पाहावा, अशी सोय केली. साठ दिवसांच्या आत कसाई होणाऱ्या बाळांचे प्रमाण त्यानंतर वाढले. जपाननेही २०१२ पासून हे कार्ड माता-बाल पुस्तिकेत समाविष्ट केले.

महाराष्ट्रात अशा कार्डाची गरज का आहे, हे साध्या गणिताने समजते. हा आजार साधारण दहा ते पंधरा हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. म्हणजे देशात वर्षाला दीड-दोन हजार आणि महाराष्ट्रात शंभर ते दोनशे बाळे, असा अंदाज निघतो. पण तीस हजार वस्तीच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत वर्षाला साडेचारशेच्या आसपास बाळे जन्मतात. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला असे बाळ वीस-तीस वर्षांत एकदा दिसेल. हजार वस्तीमागे एक असलेल्या आशाताईला ते आयुष्यभरात दिसणारही नाही. जो आजार कुणाला दिसतच नाही, तो वेळेवर आठवावा ही अपेक्षा माणसांकडून करता येत नाही. आठवण करून देणारी काहीतरी वस्तू हातात असावी लागते.

संधी मात्र हातात आहे. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. दीड महिन्याच्या लसीला बाळ उपकेंद्रावर येते. म्हणजे साठ दिवसांच्या आत आरोग्य यंत्रणेची बाळाशी किमान सात वेळा गाठ पडते. वजन होते, ताप पाहिला जातो, स्तनपानाबद्दल विचारले जाते. त्यात एक प्रश्न वाढवायचा : ‘शी कोणत्या रंगाची होते? दाखवा बरं.’ माता-बाल संरक्षण कार्डावर रंगांचा एक पट्टा छापायचा. चौदाव्या दिवसानंतर पिवळ्या दिसणाऱ्या बाळाचे डायरेक्ट बिलिरुबिन करायचे आणि अहवालासाठी आठवडा लावायचा नाही. यासाठी नवे पद लागत नाही, नवी इमारत लागत नाही.

आईचा तुकडा

कसाईची वेळ टळली किंवा ते यशस्वी झाले नाही, तर प्रत्यारोपणाचा विषय निघतो. यकृत प्रत्यारोपणाचा इतिहासच मुळी या आजारापासून सुरू होतो. १९६३ मध्ये डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी जगातले पहिले यकृत प्रत्यारोपण करून पाहिले, ते बायलरी अॅट्रेशिया असलेल्या तीन वर्षांच्या मुलावर. ते मूल टेबलावरच रक्तस्रावाने गेले. जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा काढून बाळाला लावण्यात पहिले यश १९८९ मध्ये ब्रिस्बेनला आले. एका जपानी आईने आपल्या मुलाला तो दिला होता. भारतात लहान मुलावरचे पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झाले. तामिळनाडूतल्या जेमतेम पावणेदोन वर्षांच्या त्या मुलाला, त्याच आजारासाठी, वडिलांनी यकृताचा भाग दिला. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. कुटुंबांना धीर द्यायला हे एक उदाहरण पुरेसे असते. अनुभवी केंद्रांत आज दहापैकी नऊ मुले शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष पार करतात.

तान्ह्या बाळाला मोठ्या माणसाच्या यकृताचा डावीकडचा छोटा भाग पुरतो. दात्याच्या यकृताचा पाचवा हिस्सा, दोनशे ते तीनशे ग्रॅम. यकृत हा वाढून येणारा अवयव असल्याने दात्याची उणीव काही महिन्यांत भरून निघते. दाता आठवडाभरात घरी जातो, दीड-दोन महिन्यांत हलकी कामे करतो, जड ओझे तीन महिने उचलायचे नसते. दात्याच्या जिवाचा धोका या प्रकारच्या शस्त्रक्रियेत हजारात एकाच्या आसपास मानला जातो. तो कमी आहे, पण शून्य नाही आणि तो पत्करणारी व्यक्ती पूर्ण निरोगी असते. हे वाक्य सल्लामसलतीत घाईने उरकले जाऊ नये.

१९९४चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आणि त्यातली २०११ची दुरुस्ती यांनुसार आई, वडील, सज्ञान भाऊ-बहीण आणि आजी-आजोबा हे बाळाचे ‘जवळचे नातेवाईक’ ठरतात. मामा, काका, मावशी, आत्या या यादीत नाहीत. त्यांना दाता व्हायचे असेल तर प्राधिकार समितीची परवानगी लागते. पैशाचा व्यवहार होत नाही ना, हे ती समिती तपासते. अठरा वर्षांखालच्या भावंडाला जिवंत दाता होता येत नाही. आई-वडिलांचा गट जुळत नसेल, तर तशाच अडचणीतल्या दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करण्याची सोय कायद्यात आहे. अगदी लहान बाळांमध्ये गट न जुळताही काही केंद्रे प्रत्यारोपण करतात.

प्रत्यक्षात निवड बहुधा आई आणि वडील यांच्यातच होते आणि घराघरांत ती सारख्याच वाटेने जाते. वडिलांच्या सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघते किंवा ‘कमावता माणूस आहे, त्याला कसं टेबलावर घालायचं’ असे घरातले मोठे म्हणतात. उरते बावीस-तेवीस वर्षांची आई. ती तर आधीपासूनच ‘माझं घ्या’ म्हणत असते. मग माहेरचे विचारतात, ‘पुढं तिला मूल होईल ना? पोटावर एवढा मोठा छेद!’ याचे वैद्यकीय उत्तर आहे : साधारण वर्षभर थांबून गर्भधारणा होऊ शकते आणि ती सुखरूप पार पडते. पण प्रश्न उत्तराने संपत नाही, कारण त्यामागे भीती असते.

आईची तयारी खरी असते. तरीही कुणाच्या धाकाने ती ‘हो’ म्हणत नाही ना, हे पाहणे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. दाता स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी आणि तिची ओळख व स्वतंत्र संमती रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळावी, असे २०१४चे नियम सांगतात. सासू-सासऱ्यांना, नवऱ्याला बाहेर बसवून तिच्याशी एकटीने बोलायला हवे. ‘नको’ म्हणायची मुभा आहे आणि तसे म्हटले तर घरच्यांना फक्त ‘वैद्यकीयदृष्ट्या जुळत नाही’ एवढेच सांगितले जाईल, हे तिला ठाऊक असायला हवे. बहुतेक जणी तरीही ‘हो’च म्हणतात, पण मग ते उत्तर त्यांचे स्वतःचे असते.

कागदपत्रांतही आईच अडकते. आधार कार्डावर माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे, विवाह नोंदणी झालेलीच नाही, बाळाच्या जन्मदाखल्यावर तिसरेच काहीतरी. नाते सिद्ध करण्यासाठी डीएनए चाचणी होते, पण नावाच्या विसंगतीची प्रतिज्ञापत्रे आणि तहसीलच्या खेपा चुकत नाहीत. बाळाचे यकृत या खेपांसाठी थांबत नाही. म्हणून प्रत्यारोपणाचा विचार सुरू होताच पहिल्या दिवशी समाजसेवा अधीक्षकाने कागद तपासायला घ्यावेत.

या टप्प्यावर आणखी एक गोष्ट दिसते. बायलरी अॅट्रेशिया मुलींमध्ये मुलांपेक्षा किंचित जास्त आढळतो. तरीही भारतातल्या केंद्रांवर प्रत्यारोपण झालेल्या बाळांमध्ये मुलग्यांचा आकडा मोठा दिसतो. मुली कुठे राहतात? कुणी स्पष्ट नकार देत नाही. फक्त ‘घरी विचारून येतो’ म्हणून गेलेले पालक परत येत नाहीत. दात्यांच्या रांगेत बाई पुढे आणि रुग्णांच्या रांगेत मुलगी मागे, हे चित्र केवळ निधी वाढवून बदलणार नाही. नोंद झालेल्या प्रत्येक बाळाचा, विशेषतः परत न आलेल्या मुलींचा, फोनवरून आणि गावातल्या आशाताईमार्फत पाठपुरावा व्हायला हवा.

वीस लाखांत काय येत नाही

खासगी रुग्णालयात बाळाच्या यकृत प्रत्यारोपणाला साधारण पंधरा ते वीस लाख रुपये लागतात. गुंतागुंत झाली तर जास्त. अनेक तास चालणारे ऑपरेशन, दोन ऑपरेशन थिएटर एकाच वेळी, दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या भिंगाखाली जोडणारे हात आणि बालअतिदक्षता विभाग, हे सगळे त्यात येते. राज्यात बाळांच्या यकृत प्रत्यारोपणाचा पुरेसा अनुभव असलेली केंद्रे मुख्यतः मुंबई-पुण्यात आहेत आणि ती खासगी किंवा धर्मादाय आहेत.

मदतीचे मार्ग आहेत. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखायच्या असतात आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता कक्ष आहे, पंतप्रधान सहायता निधी आहे, मोठे न्यास आहेत. पण प्रत्येकाचा अर्ज वेगळा, उत्पन्नाचा दाखला ताजा हवा, अंदाजपत्रकावर ठरावीक शिक्का हवा आणि प्रत्येक जण शक्यतो ‘बाकीचे पैसे जमले का?’ असे विचारतो. मुंबईत एकही ओळखीचे घर नसलेला बाप या कचेऱ्यांमध्ये फिरतो, तेव्हा आई बाळाला घेऊन वॉर्डात बसलेली असते. नव्या निधीची खरी परीक्षा इथे आहे. रक्कम किती मंजूर होते यापेक्षा अर्ज केल्यापासून किती दिवसांत होते आणि रुग्णालयाला ती वेळेवर मिळते का, यावर बाळाचे नशीब ठरेल. कर्करोगाच्या रुग्णाइतकीच या बाळाचीही वेळ मोजलेली असते.

खर्चाचे दुसरे उत्तर सरकारी रुग्णालयांत आहे आणि ते स्वप्न नाही. तामिळनाडूत राज्य विमा योजनेत यकृत प्रत्यारोपण समाविष्ट आहे. केरळमध्ये कोट्टयमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच वर्षांच्या मुलाला आईच्या यकृताचा भाग बसवण्यात आला. यासाठी एक शल्यविशारद परगावी शिकून येणे पुरत नाही. भूल, बालअतिदक्षता, रक्तपेढी, औषधाची रक्तातली पातळी त्याच दिवशी सांगणारी प्रयोगशाळा आणि बदल्यांमुळे न फुटणारा चमू लागतो. पैशाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, हे शेवटचे अवघड आहे.

ज्या बाळांना घरात दाता मिळत नाही, त्यांच्यासाठी मेंदूमृत दाता हाच मार्ग उरतो. २०२३ मध्ये देशात १८,३७८ अवयव प्रत्यारोपणे झाली, पण मृत्यूनंतर अवयव दिलेले दाते होते १,०९९. दहा लाख लोकसंख्येमागे एकही पूर्ण नाही. त्यातही एका मोठ्या माणसाचे यकृत विभागून छोटा भाग बाळाला आणि मोठा भाग प्रौढाला देता येतो. एका दात्यात दोन जीव वाचतात. हे कौशल्याचे आणि समन्वयाचे काम आहे आणि मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रांनी त्याला जाणीवपूर्वक प्रोत्साहन द्यायला हवे.

नंतरची वर्षे

प्रत्यारोपण झाले, फोटो निघाले, पेढे वाटले. त्यानंतर दोन-तीन महिने कुटुंबाला रुग्णालयाजवळ राहावे लागते. मुंबईत भाड्याची खोली, वडिलांची बुडालेली मजुरी, गावी आजीकडे ठेवलेले थोरले भावंड. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो.

बाळाला दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, टॅक्रोलिमस द्यायचे असते. शरीराने परके यकृत नाकारू नये म्हणून ते रोगप्रतिकारशक्ती दाबून ठेवते. रक्तातली पातळी कमी झाली तर यकृत नाकारले जाते, जास्त झाली तर मूत्रपिंडाला इजा होते आणि जंतुसंसर्ग वाढतो. सुरुवातीला रक्त वरचेवर तपासावे लागते, पुढे महिन्या-दोन महिन्यांनी. ही औषधे कायमची. गाडी चुकली, गोळ्या संपल्या, तालुक्याच्या दुकानात मिळाल्या नाहीत, म्हणून यकृत गमावल्याची उदाहरणे सगळ्या देशांत आहेत. किशोरवयात हा धोका सर्वाधिक असतो. बरे वाटत असते, मित्रांसमोर गोळ्या घ्यायची लाज वाटते आणि त्या बंद होतात.

गावच्या डॉक्टरांची भूमिका इथे मोठी आहे. खोकल्यासाठी दिलेले क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीसाठी दिलेले फ्लुकोनाझोल टॅक्रोलिमसची पातळी वाढवते. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन ती पाडते. आयबुप्रोफेनने मूत्रपिंडावर ताण येतो. अशा मुलाला नवे औषध देण्याआधी प्रत्यारोपण केंद्राला एक फोन करणे पुरते. गोवर-रुबेला, कांजिण्या यांसारख्या जिवंत लसी शक्यतो प्रत्यारोपणाआधी पूर्ण करायच्या असतात, कारण नंतर त्या सहसा देता येत नाहीत. म्हणून घरातल्या इतरांच्या लसी वेळेवर होणे हेही त्या मुलाचे संरक्षण आहे. जिल्हा रुग्णालयातून ही औषधे मोफत मिळाली आणि रक्ताचा नमुना तिथे घेऊन मुंबईला पाठवता आला, तर कित्येक कुटुंबांच्या रात्रीच्या एसटीच्या खेपा वाचतील. प्रत्यारोपणावर लाखो रुपये खर्च करून नंतरच्या गोळ्यांसाठी कुटुंबाला वाऱ्यावर सोडणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

काही कुटुंबे प्रत्यारोपण नको असे ठरवतात. बाळाची अवस्था फार बिघडलेली असते, दाता नसतो, घरात दुसरी लेकरे असतात. त्यांना ‘तुम्ही प्रयत्नच केला नाही’ असे कुणी ऐकवू नये. खाज कमी करणारी औषधे, पोटातले पाणी काढणे, नळीने पोषण, वेदना कमी करणे, हे उपचार त्या बाळाला शेवटपर्यंत मिळायला हवेत. मात्र ‘नको’ हे उत्तर पैशाअभावी किंवा मुलगी म्हणून आलेले असेल, तर ते कुटुंबाचे उत्तर समजून व्यवस्थेने हात झटकता येणार नाहीत.

आज एखाद्या घरात पंधरा-वीस दिवसांचे बाळ असेल, तर करायचे काम छोटे आहे. दिवसाच्या उजेडात त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पाहावा. दुपट्यावर लघवीचा पिवळा डाग पडतो का, ते पाहावे. शी पिवळी आहे की फिकट, ते पाहावे आणि शंका वाटली तर मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवावा. चौदा दिवसांनंतर कावीळ असेल तर डायरेक्ट बिलिरुबिनची तपासणी आपणहून मागावी. बहुतेक वेळा काहीही निघणार नाही आणि डॉक्टर हसून घरी पाठवतील. शंभर ते दोनशे घरांत मात्र दरवर्षी काहीतरी निघेल आणि त्या बाळांच्या वाट्याला साठ दिवसांमधले उरलेले दिवस येतील.